वाऱ्यात पुढे कोण होतं?

ही हकीकत खरी आहे. ज्यांच्यावर ती गुदरली त्यांच्याच तोंडून मी ती ऐकली.

सेतुमाधवराव माझे सासरे. भुताखेतांच्या गप्पांत ते कधी बसले नाहीत. ही एकच गोष्ट सांगितली, तीही एकदाच. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. जिथे त्यांना आठवलं नाही, तिथे मीही गप्प बसलो आहे.

साल १९६६. शहर मद्रास. महिना तमिळ पंचांगातला आडी, म्हणजे आपला आषाढ सरतानाचा. वेळ संध्याकाळची, चांगल्या उजेडातली.

हे आधीच सांगतो. अंधारात भास झाला असेल, असं म्हणायला इथे जागा नाही.

आणखी एक. गोष्टीपुरतं मी सासऱ्यांना 'तो' म्हणणार आहे. त्यांनीच तसं सांगितलं.

"त्या माणसाला अहो-जाहो करू नका," म्हणाले.

सेतुमाधव तेव्हा तिशीला टेकला होता. तंजावरहून नोकरी शोधत आला आणि पुरसवाक्कमला थोरल्या बहिणीकडे उतरला, तो तिथलाच झाला. वसंताअक्काला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान राघोत्तमराव अंबत्तूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत, स्क्रू-बोल्टच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांनीच मेहुण्याला तिथल्या स्टोअरमध्ये लावून दिलं.

दोघे सायकलने जात आणि सायकलने येत. परतीची वाट तलावाच्या काठाने पाडीला, मग विल्लिवाक्कमचं रेल्वे फाटक, अयनावरम, आणि घर.

आडीचा वारा ज्याने अंगावर घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. आडीत पाटासुद्धा उडतो, असं तिकडे म्हणतात. सकाळी पश्चिमेला कामावर जायचं, तर वारा पश्चिमेचा. संध्याकाळी पूर्वेला घरी यायचं, तर तोवर समुद्रावरचा वारा सुटलेला. जाताना तोंडावर, येतानाही तोंडावर.

"आपली पत्रिकाच तशी, सेतू," राघोत्तमराव म्हणत. "पाठीवर वारा म्हणून लिहिलेलाच नाही."

पण त्यांनी वाऱ्याची युक्ती काढली होती.

"वाऱ्याशी भांडायचं नाही. मान खाली घालायची. कोपर मुडपायचे. पायडल हळू मारायचं, पण थांबायचं नाही. आणि पुढच्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चिकटायचं. वारा खायचा तो पुढचा खातो. मागच्याला वाराच नाही."

"आणि पुढच्यानं काय करायचं, भावोजी?"

"त्यानं तपकीर ओढायची!"

आणि ते खरंच ओढत. चालत्या सायकलवर, एका हातानं. निम्मी तपकीर त्यांच्या नाकात, निम्मी वाऱ्याबरोबर मागे. सेतुमाधव शिंकला की ते मागे न बघता ओरडत,

"शंभर वर्षं जग रे, बाबा!"

पाळी ठरलेली होती. तलावाचा काठ संपेपर्यंत एकानं पुढे राहायचं. काठ संपला की पुढच्यानं डावीकडे सरायचं, जरा ताठ बसायचं, आणि मागच्यानं उजवीकडून पुढे निघायचं.

पहिल्या आडीत सेतुमाधव असा एकदा पुढे निघाला. फाटकापर्यंत त्याच्या तोंडाला फेस आला.

दुसऱ्या दिवशी राघोत्तमराव डावीकडे सरले, तेव्हा तोही त्यांच्या मागोमाग डावीकडे सरला.

"काय रे? पुढे हो की!"

"तुमच्या पुढे मी कसा जाऊ, भावोजी? आमच्या घरचे जावई तुम्ही."

"ते पान मांडताना रे. इथे रस्त्यावर?"

"पहिलं पान जावयाचं. पहिला वाराही जावयाचा."

राघोत्तमराव इतके हसले की सायकल डुगडुगली.

"अय्यो! म्हणजे सासुरवाडीनं मला हुंड्यात वारा दिला म्हणतोस!"

विनोद चांगला होता. म्हणून तो चालला. दोन आडी चालला. घरी सणावाराला जावयाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, ही तंजावरी घरातली रीत सेतुमाधवानं रस्त्यावर आणली आणि तिच्या आडोशाला आरामात बसला.

आपण काय करतो आहोत, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या आडीच्या तोंडावर राघोत्तमरावांच्या छातीत कळ येऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं, दम लागेल असं काही करू नका. बसने जा म्हटलं तर ऐकेनात. बसच्या गर्दीत जीव घुसमटतो, म्हणाले.

अक्कानं भावाला परसात विहिरीपाशी गाठलं.

"सेतू, वाऱ्यात तू पुढे राहा. येताना जाताना, दोन्ही वेळा. मी सांगितलं म्हणून त्यांना कळू देऊ नकोस. तेवढं करशील ना रे?"

"हे काय विचारणं झालं, अक्का?"

त्यानं शब्द दिला.

पहिल्या दिवशी तो पुढे निघालाही. पण राघोत्तमराव म्हणाले, "का रे, आज जावयाचा मान कुठे गेला?" आणि पुढे झाले. सेतुमाधवानं त्यांना अडवलं नाही. त्याला बरंच वाटलं.

रोज संध्याकाळी अक्का कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला पुढे करताना हळूच विचारी,

"वाऱ्यात पुढे कोण होतं?"

"मीच, अक्का."

ती मान हलवी आणि आत जाई.

ती संध्याकाळ शुक्रवारची होती. आडीतला शुक्रवार, देवळांतून गर्दी. तलावाकाठी ताडाची झाडं पार वाकली होती. राघोत्तमराव पुढे होते. त्यांच्या सायकलचं चेनचं कव्हर एका बाजूला चेपलेलं होतं. पायडलच्या दर फेरीला ते घासून वाजायचं.

टक्… टक्… टक्…

त्या दिवशी दोन टकांमधलं अंतर वाढत होतं. आणि त्या अंतरात शिट्टीसारखा एक बारीक आवाज येत होता. त्यांच्या श्वासाचा.

काठ संपला. राघोत्तमराव डावीकडे सरले. ताठ बसले. मागे न बघता म्हणाले,

"सेतू, आज तू जरा पुढे हो रे."

या वेळी आवाजात हसू नव्हतं.

सेतुमाधवानं वाऱ्याकडे पाहिलं. आणि तोही डावीकडे सरला.

"छे छे, भावोजी. जावई पुढे!"

राघोत्तमराव हसले. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. मान खाली घातली.

घरापर्यंत तेच पुढे होते. त्यांनी सायकलचं स्टँड लावलं. त्या स्टँडची स्प्रिंग कडक होती, ते खणकन वाजायचं. मग ते ओट्यावर बसले आणि आत हाक मारली.

"वसंता, पाणी."

अक्का पाणी घेऊन आली, तेव्हा पाणी प्यायला कोणी उरलं नव्हतं.

तिच्या हातातला पितळी पेला तसाच होता. तिनं रडण्याआधी एक प्रश्न विचारला.

"वाऱ्यात पुढे कोण होतं, सेतू?"

शेजारचे राममूर्ती धावत आले होते. भावोजींचं डोकं सेतुमाधवाच्या मांडीवर होतं.

"मीच, अक्का," तो म्हणाला.

तेरावा झाला. राघोत्तमरावांची सायकल तांबरमच्या एका नातलगानं मागितली, अक्कानं ती देऊन टाकली. हे लक्षात ठेवा. ती सायकल त्या घरात, त्या गल्लीत, त्या भागातच नव्हती.

सेतुमाधव कामावर परतला. आडी अजून संपला नव्हता.

संध्याकाळी कारखान्यातून बाहेर पडला आणि तोंडावर वारा आला. त्याला पहिला विचार आला तो असा, की आज आपल्याला आडोसा नाही.

भावोजी नाहीत, हा विचार त्याच्यानंतर आला. हा क्रम सासऱ्यांनी मला मुद्दाम सांगितला.

तो तलावाच्या काठाला लागला. ताडांची पानं कडाडत होती. धूळ डोळ्यांत जात होती. त्यानं मान खाली घातली, कोपर मुडपले. दोन पावलं पुढे जायला चार पायडलं लागत होती.

आणि मग…

वारा थांबला.

त्यानं मान वर केली. ताड तसेच वाकलेले होते. तलावाचं पाणी तसंच खवळलेलं होतं. समोरून येणारी धूळ त्याच्या पुढ्यात दुभंगत होती, दोन्ही बाजूंनी निघून जात होती, आणि मागे जाऊन पुन्हा एक होत होती.

त्याचा सदरा अंगाला लोंबत होता. निवांत. घरात खुंटीवर असल्यासारखा.

समोर रस्ता रिकामा होता. वळणापर्यंत.

टक्…

त्यानं कान दिला.

टक्… टक्…

आवाज पुढून येत होता. वीतभर अंतरावरून.

उतरून उभं राहता आलं असतं. ओरडता आलं असतं. त्यानं हँडल जरासं उजवीकडे वळवलं. वारा थोबाडीत मारल्यासारखा लागला. कानात किंकाळी घुसली, सायकल जागच्या जागी अडली.

तेव्हा सेतुमाधवानं काय केलं?

तो परत आत आला.

त्या निवांत जागेत शिरला, आणि त्याला बरं वाटलं. भीती वाटत होती, तरी बरं वाटलं.

पुढे थोड्या अंतरावर त्याच्या नाकात काहीतरी बारीक, तिखट गेलं. तो शिंकला.

तो वाट बघत राहिला. शंभर वर्षं जग रे, बाबा…

कोणी काही बोललं नाही.

टक्… टक्…

काठ संपला. आणि ती निवांत जागा हलली. डावीकडे सरली. त्याच्या उजव्या गालावर वारा आला, मग सगळ्या तोंडावर.

याचा अर्थ त्याला कळत होता. पुढच्यानं डावीकडे सरायचं, मागच्यानं पुढे निघायचं.

तोही डावीकडे सरला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग टक् झालं, आणि वारा पुन्हा दुभंगला.

घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. अक्का उंबऱ्यात उभी होती. तो गल्लीच्या तोंडाशी असल्यापासून तिथे उभी असावी. तिनं नेहमीसारखा कापीचा पेला दिला. विचारलं मात्र काही नाही.

हे रोज होऊ लागलं. तलावाच्या काठाशी वारा थांबायचा. काठ संपला की जागा डावीकडे सरायची. सेतुमाधव तिच्या मागे सरायचा. घरी दार उघडं असायचं.

माणसाला कशाचीही सवय होते. त्याला याची झाली. कारखान्यात राममूर्तींचा भाचा अनंतकृष्ण त्याच्याबरोबर होता. तो एकदा म्हणाला,

"काय हो सेतू सार, आम्ही या वाऱ्यात अर्धमेले होऊन घरी जातो, तुमच्या केसाची बटसुद्धा हलत नाही! मंत्र कुठला?"

"घरच्यांचा आशीर्वाद," सेतुमाधव म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला स्टोअरमधल्या खोक्यांच्या मागे जाऊन उभं राहावं लागलं.

आडी सरत आला. एक दिवस बंगालच्या उपसागरात कुठे वादळ उठलं होतं म्हणे. दुपारपासूनच पत्रे उडत होते. अनंतकृष्णानं सायकल कारखान्यातच ठेवली आणि बस धरली.

"तुम्हीही चला, सार."

"नको. मला काही होत नाही," सेतुमाधव म्हणाला.

काठाला लागताच जागा मिळाली. पण त्या दिवशी ती अपुरी होती. खांद्याला वारा लागत होता. कधी विरत होती, कधी परत येत होती.

टक्………… टक्…………

दोन टकांमधलं अंतर वाढत होतं.

आणि त्या अंतरात…

शिट्टीसारखा एक बारीक आवाज.

मेलेल्या माणसाला दम लागत नाही. हे सेतुमाधवाला पक्कं ठाऊक होतं. पण तो आवाज दम लागल्याचाच होता. त्यानं तो एकदा ऐकला होता, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

म्हणजे हा माणूस सुटलेला नाही. रोज संध्याकाळी तो त्याच काठानं, तोच वारा छातीवर घेत, तसाच धापा टाकत चालला आहे. आणि आपण त्याच्या मागे, केसाची बट न हलवता.

काठ संपला.

जागा डावीकडे सरली. या वेळी हळू… अगदी हळू… फार थकलेला माणूस सरावा तशी.

ती तिथेच थांबून राहिली. वाट बघत.

सेतुमाधवाचे हात डावीकडे वळत होते. त्याचं त्यालाच दिसत होतं, हात वळताहेत. त्यानं हँडल आवळून धरलं. तोंडातून रडण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. आणि तो सरळ निघाला.

वारा अंगावर कोसळला. दोनदा सायकल आडवी झाली. दोनदा तो उठला. मान खाली, कोपर मुडपलेले. पायडल हळू, पण थांबायचं नाही. धूळ दातांत करकरत होती. गुडघा फुटला होता. विल्लिवाक्कमचं फाटक येईल असं वाटत नव्हतं, तरी आलं.

मागे वळून पाहण्याची हिंमत नव्हती.

पण आवाज होता. आता मागून. वीतभर अंतरावरून.

टक्… टक्… टक्…

शिट्टीचा आवाज हळूहळू कमी झाला. अयनावरमपाशी तो थांबला. मागे आता फक्त एक शांत, सावकाश टक् होता. सावलीतून चाललेल्या माणसाचा.

सेतुमाधव रडत होता. वारा होता म्हणून ते रस्त्यावर कोणाला दिसलं नाही.

घरी पोचला.

दार बंद होतं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यानं कडी वाजवली. आतून अक्काचा आवाज आला, "कोण?"

"मी, अक्का. सेतू."

तिनं दार उघडलं. त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, धुळीनं भरलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून बाहेर, रिकाम्या गल्लीत पाहिलं.

"आज तू आधी आलास," ती म्हणाली.

तो तोंडावरची धूळ पुसू लागला.

"रोज त्यांचं स्टँड आधी वाजायचं. मग तुझं. ते होते तेव्हाही, ते गेल्यावरही. आवाज आला की मी दार उघडायची. हल्ली बाहेर कोणी नसायचं. मग तू यायचास."

"अक्का…"

"ते होते तेव्हा मी कापी द्यायची आणि विचारायची, पुढे कोण होतं. तू म्हणायचास, मीच. मला स्टँड ऐकू येत नव्हतं का रे?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वाटायचं, उद्या तरी हा खरं सांगेल. खरं नाही तर नाही, उद्या तरी पुढे होईल. उद्या… उद्या… आणि मग ते ओट्यावर बसले."

"अक्का, मी—"

तिनं हात वर केला. त्याला गप्प केलं. ती ऐकत होती.

गल्लीत वाऱ्याचा आवाज होता. कुठेतरी एक पत्रा वाजत होता. त्यांच्या दारासमोर फक्त सेतुमाधवाची सायकल उभी होती.

आणि ओट्यापाशी, अगदी जवळ…

खणकन स्टँड लागलं.

दोघांनीही ऐकलं. हे मी सासऱ्यांना पुन्हा विचारून घेतलं. दोघांनीही.

अक्का आत गेली. घाई न करता. पितळी पेल्यात पाणी भरून घेऊन आली. सेतुमाधव उंबऱ्यातच उभा होता. ती त्याला वळसा घालून ओट्यावर गेली. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

मग ती पेला घेऊन परत आली, आणि त्याच्या जवळून आत गेली.

यानंतरचं थोडक्यात सांगतो. अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. प्रत्येक आडीत, सेतुमाधव कामावरून आला की ती पाणी घेऊन ओट्यावर जाई. सेतुमाधव प्रत्येक आडीत सायकलनेच येई, आणि मागचा टक् घरापर्यंत सोबत येई. बरोबर दुसरा कोणी असलाच तर तो त्याला पुढे जाऊ देत नसे. माझं लग्न झाल्यावर आम्ही कधी समुद्रावर फिरायला गेलो, की वाऱ्याच्या बाजूला ते माझ्या पुढे चालत. मी जावई. मला संकोच वाटे. एकदा मीच पुढे होऊन "तुम्ही मागे या" म्हणालो, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्या रात्री नव्हे, पण त्याच आठवड्यात त्यांनी मला हे सगळं सांगितलं.

मी सगळं ऐकून घेतलं. मग मला एकच गोष्ट विचारावीशी वाटली.

"अक्का पेला घेऊन तुमच्या जवळून आत गेल्या. पहिल्या दिवशी, आणि नंतरही इतकी वर्षं. पेल्यात पाणी होतं, की रिकामा होता?"



"मला कसं कळणार?" सासरे म्हणाले. "माझी मान खाली होती."